विडंबन, यंत्र आणि एकवीस दिवस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर, किंचित संक्षेपाने)



मार्च २०२५ मध्ये मुंबईत जे घडले ते आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. कुणाल कामरा या विनोदकाराने हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर नवे शब्द रचून सत्ताधाऱ्यांची थट्टा केली. त्यांतील एक गीत, नाव न घेता का होईना, उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर होते. २३ मार्चच्या रात्री खार येथील हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक त्याच जागी हातोडे घेऊन पोहोचले. पोलिसांत गुन्हाही नोंदला गेला. या तिन्ही गोष्टींवर वृत्तपत्रांतून आणि सभांतून पुष्कळ बोलले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच आठवड्यात एक चौथी गोष्ट घडली, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. टी-सीरिज या ध्वनिमुद्रण कंपनीने यूट्यूबवरील त्या चित्रफितीवर स्वामित्वहक्काचा, म्हणजे आपण ज्याला कॉपीराइट म्हणतो त्याचा, दावा केला. चित्रफितीचे दर्शन आणि उत्पन्न दोन्ही अडविले गेल्याचे कामरा यांनी २६ मार्चला जाहीर केले. काच फुटली नाही, घोषणा झाली नाही, पंचनामा झाला नाही. आज मला बोलायचे आहे ते या चौथ्या प्रकाराविषयी. मोडतोड करणाऱ्याचे छायाचित्र निघते. येथे छायाचित्र घेण्याजोगे काहीच नसते.

कामरा यांचे उत्तर असे होते की मूळ शब्द वा मूळ वाद्यसंगीत आपण वापरलेले नाही आणि विडंबन हे ‘फेअर यूज’मध्ये मोडते. त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगूनही मला सांगितले पाहिजे की हे उत्तर अमेरिकेच्या कायद्यातले आहे. आपल्या कायद्यात ‘फेअर यूज’ हा शब्द नाही. तेथे ‘फेअर डीलिंग’ आहे, आणि या दोहोंतील अंतर शब्दांपुरते नाही. अमेरिकेत न्यायालयापुढे चार कसोट्या ठेवलेल्या असतात आणि कोणताही नवा उपयोग त्यांवर घासून पाहता येतो. दार उघडे असते, आत येणाऱ्याची तपासणी होते. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ ने मात्र मोजकी दारे ठेवली आहेत: खाजगी उपयोग व संशोधन, टीका वा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन. विडंबन हा शब्द या कलमात कोठेही नाही. शिवाय गाण्यात हक्क एकच नसतो. शब्दांचा वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. शब्द बदलले, वाद्ये स्वतःची वाजविली, तरी चाल उरतेच.

तेव्हा आपल्याकडील विडंबनकाराला ‘टीका’ या दारातूनच आत शिरावे लागते. कायदा म्हणतो, टीका त्या कृतीवर असो वा अन्य एखाद्या कृतीवर. अन्य कृतीवर! मंत्र्यावर, कारखानदारावर वा अर्थसंकल्पावर असे कायदा म्हणत नाही. गाण्याची चाल घेऊन त्या गाण्याचीच टर उडविली तर आपण दारात उभे आहोत. चाल घेऊन मंत्र्याची टर उडविली तर आपण अंगणात आहोत की रस्त्यावर, हे वकिलाच्या कौशल्यावर अवलंबून राहते. सगळ्या वादाचा गाभा माझ्या मते येथे आहे.

हा भेद अमेरिकेतही आहेच. १९९४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॅम्पबेल विरुद्ध एकफ-रोझ हा प्रसिद्ध निकाल एकमताने दिला. ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गायकांच्या गटाने रॉय ऑर्बिसन यांच्या १९६४ मधील ‘ओ, प्रिटी वूमन’ या गीताचे विडंबन केले होते. त्यांनी आधी परवानगी मागितली, ती नाकारली गेली, तरीही त्यांनी गीत प्रसिद्ध केले. न्यायालयाने म्हटले की व्यापारी हेतूने केलेले विडंबनही उचित ठरू शकते. त्यातील एक मुद्दा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष मोलाचा वाटतो. मालकाची बाजारपेठ बुडाली काय, हा प्रश्न विचारताना न्यायालयाने दोन प्रकारची हानी वेगळी केली. विडंबन ऐकून लोक मूळ गीत विकत घेईनासे झाले, कारण त्यांची गरज विडंबनाने भागली, तर ती एक हानी. मूळ गीत हास्यास्पद वाटू लागल्यामुळे विकत घेईनासे झाले, तर ती दुसरी. पहिली हानी कायद्याने रोखावी, दुसरी रोखू नये. कडक परीक्षणाने नाटक पडले तर परीक्षकाकडून कोणी भरपाई मागत नाही. आणि स्वतःची थट्टा करण्याचे परवाने विकणारा मालक विरळा असल्यामुळे अशा परवान्यांची बाजारपेठ मुळात अस्तित्वातच येत नाही. जी बाजारपेठ नाही तिचे नुकसान कसे मोजणार?

परंतु त्याच निकालाने असेही म्हटले की ज्याचा रोख मूळ कृतीवर नाही, त्या उपहासाला उसनवारीचे समर्थन अधिक द्यावे लागेल. २०२३ साली वॉरहॉल प्रतिष्ठानाच्या खटल्यात त्या न्यायालयाने ही रेषा आणखी ठळक केली. म्हणजे अमेरिकेच्या दारातही कामरा सहज शिरले असते, असे समजू नये.

आता आपल्या देशातील एक निकाल. तो आपल्या वर्तुळात जितका माहीत असावा तितका नाही, आणि त्याची कारणे उघड आहेत. तोप्पिल भासी यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’, म्हणजे ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत’, हे नाटक १९५२ साली केपीएसी या संस्थेने रंगभूमीवर आणले. केरळातील डाव्या चळवळीच्या वाढीत या नाटकाचा वाटा किती मोठा होता हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. चार दशकांनंतर, १९९५ साली, सिविक चंद्रन यांनी त्याचे प्रतिनाटक लिहिले. ‘निंगळ आरे कम्युनिस्टाक्की’, तुम्ही कोणाला कम्युनिस्ट केलेत? ज्या दलित शेतमजुरांनी लढा दिला त्यांना पक्षाने आणि नाटकाने कोठे ठेवले, असा त्याचा सवाल होता. त्यासाठी मूळ नाटकातील पात्रे, प्रसंग, संवाद त्यांनी घेतले. भासी त्यापूर्वीच वारले होते. त्यांच्या कुटुंबीयांनी स्वामित्वहक्काच्या भंगाची तक्रार करून प्रयोग थांबविण्याची मागणी केली.

१९९६ साली केरळ उच्च न्यायालयाने प्रयोगावरील मनाई मान्य केली नाही. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या: घेतलेला मजकूर टीकेच्या मानाने किती व किती मोलाचा आहे, तो कशासाठी घेतला आहे, आणि दोन्ही कृती एकमेकींशी स्पर्धा करतील काय. उतारे मोठे होते, परंतु ते नक्कल करण्यासाठी नव्हते, टीकेसाठी होते. आणि प्रतिनाटक पाहून कोणी मूळ नाटकाचे तिकीट घेण्याचे टाळणार नव्हता. ‘टीका’ या एका शब्दात न्यायालयाने प्रतिनाटकाला जागा करून दिली. विडंबन हा शब्द कायद्यात नसताना आपल्या विडंबनकारांच्या पाठीशी जे काही आहे ते बव्हंशी हे एवढेच.

येथे थोडे थांबून मला एक अप्रिय गोष्ट बोलायची आहे. या खटल्यात स्वामित्वहक्काचे शस्त्र कोणत्या भांडवलदाराने उगारले नव्हते. ज्या नाटकाने जमीनदारीवर आसूड ओढले, त्याच्या बाजूने ते उगारले गेले, आणि ज्याच्यावर उगारले तो डावीकडूनच प्रश्न विचारीत होता. आपली थट्टा झाली की आपल्यालाही मालकीहक्क आठवतो.

तरीही सिविक चंद्रन यांचा रोख मूळ नाटकावर होता. रोख अन्यत्र असला म्हणजे काय होते याचे सर्वांत ठळक उदाहरण जर्मन चित्रपटाचे आहे. ‘डेर उंटरगांग’ हा हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरील चित्रपट २००४ साली आला. भूमिगत तळघरात हिटलर सेनापतींवर आगपाखड करतो, असा त्यात एक प्रसंग आहे. ब्रुनो गांझ या नटाने तो केला. जर्मन संवाद तसेच ठेवून खालच्या ओळी बदलायच्या आणि हिटलर कशावर तरी भलत्याच गोष्टीवर, फुटबॉलच्या पराभवावर किंवा बिघडलेल्या संगणकावर, संतापला आहे असे दाखवायचे, ही युक्ती जगभर पसरली. अशा चित्रफितींची संख्या अफाट झाली. दिग्दर्शक ऑलिव्हर हिर्शबीगेल यांना त्या आवडत. जानेवारी २०१० मध्ये त्यांनी तसे बोलूनही दाखविले. एप्रिल २०१० मध्ये मात्र निर्माती कंपनी कॉन्स्टान्टिन फिल्मने यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेकरवी त्या काढून टाकायला आरंभ केला. पुढे काही महिन्यांत कंपनीने धोरण फिरविले आणि त्या चित्रफितींवर जाहिराती लावून पैसे मिळविण्याचा मार्ग पत्करला. कलावंताला जे आवडले ते मालकाला आवडले नाही, आणि मालकाला जे आवडले नाही ते फायद्याचे दिसताच आवडू लागले. ज्यांनी खालच्या ओळी लिहिल्या त्यांना या दोन्ही निर्णयांत कोणी विचारले नाही.

या चित्रफितींचा आणखी एक वारस आहे, तो कॉपीराइटच्या खटल्यातला नाही, पण आपल्याला जवळचा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील क्विनाना येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात वेतनकराराच्या वाटाघाटी रखडल्या होत्या. २०१८ साली तेथील एका कामगाराने याच प्रसंगाखाली वाटाघाटींविषयीच्या ओळी लिहून ती चित्रफीत कामगारांच्या बंदिस्त फेसबुक गटात टाकली. व्यवस्थापकांची तुलना नाझींशी केली, या कारणावरून कंपनीने त्याला २०१९ च्या आरंभी कामावरून काढले. पहिल्या सुनावणीत तो हरला. २०२० साली अपिलात पूर्णपीठाने म्हटले की हा प्रसंग वर्षानुवर्षे विडंबनासाठी वापरला गेल्याने मूळ इतिहासापासून सुटा झालेला आहे. तो पाहून व्यवस्थापक नाझी आहेत असे कोणी समजणार नाही. त्याला कामावर परत घेण्याचा आदेश झाला, संघीय न्यायालयातही कंपनीचे अपील फेटाळले गेले आणि नंतर सुमारे दोन लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई मिळाली. चित्रपट कोणाचा, हा प्रश्न त्या सगळ्या प्रकरणात कोणी काढला नाही. कंपनीला झोंबली ती थट्टा. माझा तर्क असा आहे की कॉपीराइटच्या पुष्कळ तक्रारींतही झोंबते ते हेच, फक्त अर्जावर कारण वेगळे लिहिलेले असते.

आता यंत्राकडे वळू. यूट्यूबने २००७ पासून एक यंत्रणा चालविली आहे. मोठे हक्कधारक आपली गाणी आणि चित्रपट तिच्यात नोंदवितात. नवी चित्रफीत आली की यंत्र ती नोंदींशी ताडून पाहते आणि जुळले की दावा लागतो. मग चित्रफीत अडवायची, की तिचे जाहिरात-उत्पन्न स्वतःकडे वळवायचे, हे हक्कधारकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत असे ७२ कोटींहून अधिक दावे लागले. त्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी दाव्यांना चित्रफीत करणाऱ्यांनी आव्हान दिले. आणि ज्यांनी दिले त्यांतील ६० टक्के जिंकले.

या आकड्यांचा अर्थ कंपनी असा लावते की नव्याण्णव टक्के लोकांची तक्रार नाही. मी चाळीसेक वर्षे विद्यार्थ्यांना आकडेवारी शिकविली. अशा उत्तराला मी गुण दिले नसते. भांडणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जिंकतात, तर न भांडणाऱ्यांत जिंकण्याजोगे किती असतील? खेड्यातील कूळ कोर्टात गेले नाही म्हणून सावकाराचा हिशेब बरोबर होता असे आपण कधी मानले काय? भांडणाचा खर्च हे त्याचे कारण आहे. दावा लावण्याचा खर्च यंत्रामुळे जवळजवळ शून्यावर आला आहे. दावा खोडून काढण्याचा खर्च मात्र होता तेथेच आहे. त्यात नियम असा की नव्वद दिवसांत कॉपीराइटच्या तीन तक्रारी टिकल्या तर वाहिनीच बंद होते. रीतसर प्रतिसूचना द्यावी, तर आपले नाव आणि संपर्काचा तपशील दावेदाराच्या हाती जातो. सामर्थ्यवानांची टिंगल करणाऱ्या एखाद्या तालुक्यातील तरुणाला हा सौदा कसा वाटेल, याची कल्पना करावी.

भांडून जिंकणाऱ्यांची कहाणीही फार दिलासा देणारी नाही. २००७ साली पेनसिल्व्हेनियातील एका आईने आपले तान्हे मूल प्रिन्स या गायकाच्या गाण्यावर नाचत असल्याची २९ सेकंदांची चित्रफीत टाकली आणि युनिव्हर्सल कंपनीने ती काढायला लावली. तक्रार करण्यापूर्वी उचित उपयोगाचा विचार हक्कधारकाने केलाच पाहिजे, हे तत्त्व त्या खटल्यात २०१५ साली प्रस्थापित झाले. प्रकरण मिटले २०१८ साली. २९ सेकंदांसाठी ११ वर्षे! इथन आणि हिला क्लाइन या दांपत्याने दुसऱ्याच्या चित्रफितीची टर उडविणारी चित्रफीत केली. २०१७ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ती उचित ठरविली, परंतु लढ्यासाठी एक लाख डॉलरांहून अधिक वर्गणी जमवावी लागली. आपल्याकडे मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबकाराने आरोप केला की एएनआय वृत्तसंस्था काही सेकंदांच्या दृश्यांवरून तक्रारी करते आणि त्या मागे घेण्यासाठी लाखो रुपयांच्या परवान्याची मागणी करते. संस्थेने आपण कायदेशीर हक्कच बजावीत असल्याचे म्हटले आणि दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला. त्यात खरे कोणाचे हे मी ठरविणार नाही. काही सेकंदांची किंमत न्यायालयाबाहेर ठरू लागली आहे, एवढे मात्र त्यावरून दिसते.

आपल्या कायद्याने तर आणखी एक गोष्ट करून ठेवली आहे. २०१२ ची दुरुस्ती आणि २०१३ च्या नियमावलीतील नियम ७५ यांनुसार हक्कधारकाने लेखी तक्रार केली की मध्यस्थ कंपनीने ३६ तासांत तो मजकूर अडवायचा. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. ज्याचा मजकूर अडविला त्याचे म्हणणे त्या अवधीत ऐकून घेण्याची तरतूद त्यात नाही. आता याच्या शेजारी लोकप्रतिनिधित्व कायदा ठेवा. उमेदवारी मागे घेण्याची मुदत आणि मतदान यांत किमान १४ दिवसांचे अंतर असावे, असे तो सांगतो. प्रत्यक्षात प्रचार बहुधा तेवढाच चालतो. प्रचार १४ दिवसांचा आणि बंदी २१ दिवसांची! प्रचारगीताविरुद्धचा दावा खोटा असला तरी चालेल, २१ दिवस टिकला म्हणजे झाले.

उसन्या चालीवर गाणे ही आपल्या चळवळींची जुनी रीत आहे. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत शाहिरांनी लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या. पुढे भीमगीतांतही चित्रपटांच्या चाली आल्या. कारण सरळ होते: चाल शिकवावी लागत नसे, पहिल्याच कडव्याला सभा गाऊ लागे. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ मध्ये समकालीन कवींचे ढंग उचलले, तेही वाचकाला मूळ पाठ होते म्हणूनच रंगले. जी ओळख श्रोत्याला आनंद देते, नेमकी तीच यंत्राला दाव्याची खूण वाटते.

यावर आपल्यातील काही तरुण मित्र म्हणतात, कॉपीराइटच मोडीत काढा, ती बौद्धिक जमीनदारी आहे. मला हे मान्य नाही. गीतकार आणि संगीतकारांकडून सर्व हक्क एकरकमी लिहून घेण्याची चाल चित्रपटसृष्टीत दीर्घकाळ चालली. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्या मानधनातील वाटा कराराने हिरावता येणार नाही असे ठरविले, आणि त्यासाठी जावेद अख्तर यांच्यासारख्यांना झगडावे लागले. लिहिणाऱ्याचा वाटा काढून घेऊन आपण कोणाचे भले करणार? कष्टाचा मोबदला आणि टीकेवरील बंदी या दोन गोष्टी एकाच कायद्याच्या पोटात बसल्या आहेत. त्या वेगळ्या करणे हे काम आहे.

ते अन्यत्र झालेले आहे. ऑस्ट्रेलियाने २००६ साली विडंबन आणि उपहास हे दोन्ही शब्द कायद्यात घातले, कॅनडाने २०१२ साली. ब्रिटनने २०१४ साली व्यंगचित्रण, विडंबन आणि शैली-अनुकरण यांना सूट दिली. युरोपच्या २०१९ च्या निर्देशाने तर मोठ्या संकेतस्थळांनी विडंबनाची सूट राखलीच पाहिजे असे म्हटले. युरोपीय न्यायालयाने २०१४ साली डेकमिन खटल्यात, रोख मूळ कृतीवरच असावा ही अट नाही, असेही स्पष्ट केले. परंतु त्या खटल्यातील चित्र पाहिले की आपल्याला अडखळल्यासारखे होते. बेल्जियममधील एका अतिउजव्या पक्षाच्या माणसाने लोकप्रिय चित्रकथेचे मुखपृष्ठ बदलून गेंट शहराचा महापौर नाणी उधळतो आहे आणि बुरखाधारी व कृष्णवर्णीय लोक ती वेचीत आहेत असे दाखविले होते. न्यायालयाने म्हटले, विडंबन असले तरी भेदभावाच्या संदेशाशी आपले नाव जोडले जाऊ नये यातही मूळ हक्कधारकांचे न्याय्य हित आहे. निकालाचा हा दुसरा भाग मला पूर्णपणे पटत नाही. द्वेष पसरविणाऱ्याला द्वेषाच्या कायद्याने अडवावे; मालकीच्या कायद्याने अडवू लागलो, तर ज्याची मालकी मोठी त्याच्या भावनेला संरक्षण मोठे, असे होईल. ज्यांची चेष्टा झाली त्या नाणी वेचणाऱ्यांना त्या खटल्यात बाजूच नव्हती. मतभेद होऊ शकतो, चर्चेत तो मांडावा.

कलम ५२ मध्ये ‘विडंबन व उपहास’ हे शब्द घालावेत, आणि नियम ७५ खाली ज्याचा मजकूर अडविला त्याला म्हणणे मांडण्याची संधी ३६ तासांच्या आतच मिळावी, अशी मागणी आपल्या खासदारांकडून यावी असे मला वाटते. ती मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी सध्याच्या कायद्यातील कलम ६० तरी वाचून ठेवावे. निराधार कायदेशीर धमकी देणाऱ्याविरुद्ध दावा लावून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क त्यात आहे. धमकी देणाऱ्याने स्वतः तत्परतेने खटला भरला तर मात्र तो उरत नाही. तेव्हा नोटीस आली की घाबरून चित्रफीत पुसून टाकू नये. नोटिशीची प्रत, तारीख, चित्रफितीची मूळ फाईल आणि कोणते कडवे कोणावर रचले होते याची टिपणे एका ठिकाणी ठेवावीत आणि त्याच दिवशी वकिलाकडे न्यावीत.